सम अंक माझे, विषम बाजीरावचे

९ मार्च

खताच्या दुकानदाराने यंदाही डायरी दिली. दरवर्षी तिच्यात फवारण्या आणि बाजारभाव लिहितो. यंदा वेगळाच माल हाती लागलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अक्षदा पुण्याहून आली आहे. जेवताना तिने मोबाइल पुढे केला. एक जुनं कॉमिक, कडा पिवळ्या पडलेल्या, आणि खाली किंमत. मी म्हटलं, एक शून्य जास्त पडलंय. ती म्हणाली, "पप्पा, लोक लिलावात घेतात. तुमच्या लहानपणीचीच असतात ही." मग तिने नाव वाचून दाखवलं, 'तुफान तांडेल'. माझा घास हातातच राहिला.

तांडेल माळ्यावर पत्र्याच्या पेटीत आहे. कोकणातला एक तांडेल, त्याचं गलबत चाचे पळवतात आणि तो समुद्रभर ते शोधत फिरतो. एकूण चोवीस अंक, दर महिन्याला एक. राजुरीतल्या पोरांनी समुद्र पाहिला नव्हता, पण शीड कसं फिरवतात ते आम्हाला पाठ होतं.

माझ्याकडे बारा अंक आहेत. दोन, चार, सहा असे चोवीसपर्यंत. विषम बाजीरावकडे. नववीत आम्ही ठरवलं होतं की एक महिना त्याने अंक घ्यायचा, एक महिना मी. वाचायचा दोघांनी, ठेवायचा ज्याचा त्याने. भावाभावांत विहिरीच्या पाण्याची पाळी असते तसंच. बाजीराव निरगुडसरचा, पण शाळेसाठी इथे मामाकडे, बौद्धवाड्यात राहायचा. अंक बदलायला आमच्या घरी यायचा. पंधराव्यानंतर ही अदलाबदल बंद पडली. का, ते आठवत नाही. दहावीची परीक्षा असेल. पुढे तो आयटीआयला गेला आणि वायरमन झाला.

मी माझे सम अंक शेवटपर्यंत घेतले. विषम घेतले नाहीत. ते माझे नव्हते.

अक्षदाने मुंबईच्या एका संग्राहकाला फोन लावून दिला. तो म्हणाला, अर्ध्या सेटला कोणी विचारत नाही. पूर्ण चोवीस असतील तर मात्र बोलू. त्याने जो आकडा सांगितला तो बऱ्या सालात एकरभर टोमॅटो देतात तेवढा आहे. आणि कागद टोमॅटोसारखा नासत नाही.

१३ मार्च

निरगुडसरला जाऊन आलो. कळंबला चहा घेताना ठरवलं की किमतीचा विषय काढायचा नाही.

बाजीराव ओट्यावर बसला होता. मी पुढ्यात उभा राहिलो तरी त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"कोन?"

"भगवंत. राजुरीचा."

त्याने मान आवाजाच्या दिशेने कलती केली. मग म्हणाला, "आवाज तसाच हाय तुझा. ये. रत्ना, च्या टाक. शाळंतला दोस्त आलाय माझा."

घर चांगलं बांधलंय. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्या खाली मुलाचा, राजरत्नचा, पदवी घेतानाचा फोटो. मुलगा चाकणला कंपनीत आहे. बाजीरावला मात्र खांबावर चढायचं काम बंद करून ऑफिसात बसवलंय. "साखरंनं डोळ्याचा पडदा खाल्ला," तो म्हणाला. "उजवा गेला. डाव्यात इंजेक्शनं चालल्यात. डॉक्टर म्हनतो, हाय तवर हाय."

वाईट वाटलं. मग मी म्हटलं, तांडेल पुन्हा वाचावासा वाटतोय, तुझ्याकडचे आहेत का अजून? ताकाला जाऊन भांडं लपवलं. रत्नावहिनींनी पांढऱ्या फडक्यात बांधलेलं गाठोडं आणलं. बारा अंक. कसर नाही, डाग नाही, कोपरा दुमडलेला नाही. माझ्यापेक्षाही चांगले ठेवलेत.

"तुजं बी आन की," तो म्हणाला. "पंधराच्या म्होरं मला नुसती भोकं हायत. सतरा बगितला, अठरा न्हाई. एकोनीस बगितला, ईस न्हाई. डोळा हाय तवर सगळं सलग बगून घिऊ एकदा."

मी विचारलं, बाकीचे विकत का नाही घेतलेस? आळेफाट्याच्या स्टँडवर मिळत होते की.

"ते तुजं व्हतं," तो म्हणाला.

भोळेपणा म्हणायचा हा. माणूस अर्धी गोष्ट घेऊन इतकी वर्षं बसतो म्हणजे काय. पण गाठोडं काही त्याने दिलं नाही. माझे अंक त्याच्या घरी गेले की सेट त्याचा होणार, हे त्याने ओळखलं असावं. वायरमन झाला तरी हुशार आहे.

१६ मार्च

अक्षदाने पुण्याहून पारदर्शक कव्हरं पाठवली. एकेक अंक आत घालून चिकटपट्टी लावली. ती म्हणते, आता उघडायचे नाहीत, बोटांचे डाग पडले की किंमत उतरते. मग बाजीरावकडे नेणं तर दूरच.

४ एप्रिल

कांदा काढून बराखीत, साठवणीच्या चाळीत, भरला. सगळे आताच विकतायत. मी थांबणार. थांबला तो संपला म्हणतात. बाजारात मात्र थांबतो तोच कमावतो. माझं आयुष्यभराचं धोरण हेच आहे.

बाजीरावचा फोन आला.

"कवा येतो?"

"कांदा चालू आहे."

"बरं. पन सकाळच्याला ये. उनात ठिवलं म्हंजी दिसतंय आजून."

मी हो म्हटलं. मग तो म्हणाला, यायला जमत नसेल तर झेरॉक्स काढून धाड, मोठी. मी सांगितलं, झेरॉक्सला अंक पूर्ण उघडावा लागतो, पिना निघतात. ते खरंच आहे.

गरजवंताला अक्कल नसते. त्याला माझे अंक हवेत, मला त्याचे. पण फोन तो करतोय. आणखी थोडं थांबलो तर तोच गाठोडं घेऊन येईल.

१९ एप्रिल

अक्षदा आली होती. तिला सगळा प्रकार सांगितला, म्हटलं बापाचा व्यवहार बघ. ती म्हणाली, "मी फोटो काढून मोठे प्रिंट करून देते ना त्यांना. डाग नाही पडणार."

मी नको म्हटलं. एकदा गोष्ट बाहेर फुटली की पैसे देऊन कोण घेणार?

"पप्पा, लोक गोष्टीसाठी घेत नाहीत. कागदासाठी घेतात."

"तेच ना."

"मग तुमच्या मित्राला गोष्ट द्यायला आपलं काय जातंय?"

तिला बाजार कळत नाही. उद्या सकाळी जाणार होती, आज दुपारच्याच गाडीने गेली. काम निघालं म्हणाली.

२२ मे

नारायणगावला टोमॅटो देऊन येताना रत्नावहिनींचा फोन. "भाऊ, रागावू नका. रोज इचारत्यात, भगवंताचा फोन आला का म्हनून. येकदा या की अंक घिऊन. दिस कमी हायत." मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात नक्की.

घरचं माणूस विनवायला लागलं की विकणारा पिकला असं समजावं. शिवाय मुंबईवाल्याने मी काही न बोलताच आकडा वाढवला. थांबण्याचा फायदा तो हाच.

८ जून

आईशी बोलताना बाजीरावचा विषय निघाला. तिला हल्ली कालचं जेवण आठवत नाही, पण तो आठवला. "त्यो मामाकडं ऱ्हायचा त्यो व्हय? चांगलं पोर व्हतं. च्या पिऊन झाला का आपली कपबशी धुवून वळचनीला ठिवायचं. कदी सांगावं लागलं न्हाई."

त्याला पहिल्यापासून स्वच्छतेची सवय. त्याचे अंक इतके कोरे कसे राहिले ते आता कळलं.

१७ जुलै

शेवटी गेलो. सगळे नेले नाहीत. व्यापाऱ्याला वानगी दाखवतात तसा फक्त सोळावा नेला. कव्हर त्याच्यासमोर उघडलं.

पावसाने दोन तास उघडीप दिली होती. बाजीराव ओट्याच्या कडेला उन्हात बसला. अंक डाव्या डोळ्यापाशी इतका जवळ धरला की नाक कागदाला लागत होतं. एकेक चौकट, वरून खाली. पान उलटायच्या आधी तो बोटं विजारीला पुसायचा. बोटांकडे माझं लक्ष होतंच. एवढ्या एका अंकाला त्याने माझा चहा गार होऊन दुसरा येईपर्यंत वेळ लावला. मध्येच हसला.

"पानी कसं काडलंय बग. तू बगितला का रं समुद्र?"

"अलिबागला गेलो होतो एकदा."

"मी न्हाई. खांबावर चडलो का वाऱ्यात तारा हालायच्या, तवा वाटायचं, शिडाचं दोर आसंच आसत्याल."

मग त्याने हात पुढे केला. "अठरा?"

"पुढच्या वेळी आणतो."

हात तसाच थोडा वेळ राहिला, मग त्याने तो गुडघ्यावर ठेवला. "बरं," म्हणाला.

मी किमतीचं काढलं. त्याचे अंक घ्यायचे तर काय द्यायचं, असं आडून विचारलं. तो म्हणाला, "पैसं काय बोलतो? चोवीस बगू दे मला. मग सगळं गाठोडं घिऊन जा." म्हणजे अट घातली. पण अट फुकटाची आहे. दर खेपेला एक अंक नेला की झालं. त्याला ओढ राहील आणि माझा मालही एकदम त्याच्या हाती जाणार नाही.

निघताना तो म्हणाला, "तुज्या दारात यायचं सोडलं व्हतं मी. तांडेल न्हाई सोडला." परीक्षेच्या वेळचं म्हणत असेल.

घरी येऊन सोळावा अंक पाहिला. दोन पानांवर ओठांएवढा दमट डाग आहे. वाळला की जाईल.

१९ ऑगस्ट

महिनाभर जाणं झालं नाही. बराखीतला कांदा खालून पाणी सोडतोय, निवडायला बाया लावल्या. भाव चढतोय, पण अजून शेवटचा टप्पा आलेला नाही.

बाजीरावचा फोन नाही. गप्प बसून माझी परीक्षा बघत असेल. उतावळा नवरा मी होणार नाही.

३० ऑगस्ट

रत्नावहिनींचा फोन. डावाही गेला. परवा सकाळी त्याने त्यांना विचारलं, उजाडलं का? ऊन अंगणात आलं होतं.

मी काय बोललो ते आठवत नाही. येतो म्हणालो असेन.

दिवसभर काही सुचलं नाही. कांद्याचा सौदा आज करायचा होता, तोही केला नाही.

७ सप्टेंबर

निरगुडसरला गेलो. माझे सगळे अंक बरोबर नेले. गाडीत ठेवले होते, मग वाटलं आता काय उपयोग, म्हणून खाली उतरवले नाहीत.

बाजीराव तसाच ओट्यावर बसला होता. आता सावलीत. आवाजावरून ओळखलं. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला काही बोलता आलं असतं. रत्नावहिनींनी गाठोडं आणून माझ्याजवळ ठेवलं आणि आत गेल्या.

"ने," बाजीराव म्हणाला. "जोडी लागू दे त्यांची."

"चोवीस बघितल्यावर देणार होतास."

"आता काय बगतो."

मी म्हटलं, वाचून दाखवतो. तो म्हणाला, "तुला कांदा हाय, तंबाटी हाय. ऊन उतरायच्या आत नीघ. रस्त्याला बिबट्या फिरतोय म्हनत्यात."

पैसे देऊ केले. त्याने हाताने नको केलं. एवढा फायद्याचा सौदा मी जन्मात केला नव्हता. कळंबपर्यंत आलो आणि गाडी बाजूला घेऊन बराच वेळ बसून राहिलो.

९ सप्टेंबर

चोवीस अंक पलंगावर ओळीने मांडले. फोटो काढून मुंबईला पाठवले. अर्ध्या तासात उत्तर आलं, सेट अप्रतिम आहे, रविवारी स्वतः न्यायला येतो.

दुपारी पाऊस होता, शेतात जाणं नव्हतं. मग कव्हरं काढली आणि सोळापासून वाचायला बसलो. सतरा, एकोणीस, एकवीस हे मीही कधी पाहिले नव्हते. तेविसावा सगळ्यांत शेवटी हाती घेतला.

तेविसाव्यात तांडेल बुडतो. चाचे त्याला हातपाय बांधून समुद्रात टाकतात. एका चौकटीत डोकं दिसतं, दुसऱ्यात एक हात, तिसऱ्यात नुसतं पाणी. अंक तिथे संपतो. बाजीरावजवळचा शेवटचा अंक तो. दहावीतला पोरगा होता तेव्हापासून तो त्या पाण्यापाशी थांबलेला आहे, आणि चोविसावा माझ्या माळ्यावर.

मला हे कधी कळलंच नाही. माझ्या बाविसाव्यात तो गलबतावर आहे आणि चोविसाव्यात किनाऱ्यावर. मला वाटायचं, मधल्या अंकात तो घरी पोचला असेल.

चोविसावा पुन्हा नीट पाहिला. पहिल्याच चौकटीत तांडेल वाळूवरून गावाकडे चाललाय, खांद्यावर पोतं. पाण्यातून कसा निघाला, कोणी काढला, एक अक्षर नाही. पान सुटलंय का म्हणून पिना तपासल्या. पानं पूर्ण आहेत. लिहिणाऱ्याने दाखवलंच नाही.

म्हणजे ज्यासाठी तो मला फोन करत होता ते माझ्याकडेही नव्हतं. मी ते कव्हरात घालून जपत होतो. आज स्वतःची लाज वाटली.

१० सप्टेंबर

सकाळीच गेलो. बाजीराव अंगणात तोंड धूत होता.

"तेवीस वाचला," मी म्हटलं.

त्याने तोंड पुसलं. "मंग?"

"फोनवर विचारायचंस ना मला. जगला का म्हणून."

"जगला त्ये ठावं व्हतं. चोवीस निगाला म्हंजी जगलाच आसंल की. कसा जगला त्ये बगायचं व्हतं. खांबावर बसून लई इचार केलाय. हातपाय बांदल्यालं, पान्यात कोन न्हाई. माझ्या डोक्यानं तर न्हाई निगाला त्यो कदी भाईर."

आम्ही ओट्यावर बसलो. मी चोविसावा उघडला. वाळू, तांडेल, पोतं.

"चित्र सांग," तो म्हणाला.

मी म्हटलं, "पहिल्या चौकटीत पाणी आहे."

"कसलं?"

"काळं. रात्रीचं. लांबून एक होडी येतेय. आत एक कोळी आहे, एकटाच."

"म्हातारा?"

"आपल्या वयाचा."

"मंग?"

मग मला काही सुचेना. समुद्रातून माणूस कसा काढतात ते मी पाहिलेलं नाही. आपल्याकडे विहिरीत बिबट्या पडला की काय करतात ते पाहिलंय. तेच सांगितलं. "तो दोर बांधून बाज खाली सोडतो. तांडेल तिच्यावर लोळण घेतो आणि कोळी ओढतो."

"होडीत बाज?"

"चित्रात आहे."

बाजीराव विचार करत राहिला. मी पान बोटांत धरून बसलो. वाटलं, आता पकडला गेलो.

"आसंल," तो म्हणाला. "कोळी निजत आसंल रातचं तिच्यावर. बाजंचा रंग कसला?"

"लाल. पाय काळे."

"बरूबर. काळ्या पान्यात लाल उटून दिसतंय. लई झ्याक काडलंय मंग." त्याने डोळे मिटले. उघडे असले काय नि मिटले काय, पण मिटले. "कोळी काय बोलतो का?"

"म्हणतो, यायला उशीर झाला."

हे मी का म्हटलं ते मला माहीत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं. रत्नावहिनी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांना वाचता येतं. त्यांनी माझ्या हातातलं पान पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या उंबऱ्यावर बसल्या.

"आला न्हवं," बाजीराव म्हणाला. "म्होरं सांग."

पुढचं मी वाचून दाखवलं, जसं छापलंय तसं. मग त्याने पहिलं पान पुन्हा सांगायला लावलं. कोळ्याच्या डोक्यावर टोपी होती की पागोटं, हे मला दोनदा ठरवावं लागलं.

१४ सप्टेंबर

रविवार. सकाळी मुंबईवाल्याचा फोन आला, तो गाडीत बसायच्या बेतात होता. मी त्याला सांगितलं, येऊ नका, सेट विकायचा नाही.

सौद्यासाठी आलेली अक्षदा म्हणाली, "पप्पा, याच्यापेक्षा जास्त कोणी देणार नाही." तिला कारण सांगितलं. बाजीराव आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ती होडी आणि बाज सांगतोय. चोविसावा बाहेर गेला, कोणी त्याचे फोटो टाकले, आणि राजरत्नने दिवाळीत बापाला हौसेने वाचून दाखवले तर? म्हणून तो अंक माझ्याकडेच राहणार, आणि चोविसाव्याशिवाय बाकीच्यांना कोण विचारतो. अक्षदा आज मुक्काम करते म्हणाली.

मुंबईवाल्याने दहा मिनिटांनी पुन्हा फोन केला आणि आकडा दीडपट केला. त्याला वाटलं, मी भावासाठी थांबलोय.